नाव घालण्याची कारणं वेगळी, सोडण्याची वेगळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बदलापूरला राहणारे आणि लोअर परळच्या एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळणारे एक गृहस्थ लिहितात: दोन वर्षांत एक्सेल, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, डिजिटल मार्केटिंग आणि इंग्रजी संभाषण असे चार ऑनलाइन कोर्स घेतले, एकही पूर्ण झाला नाही. घरचे म्हणतात, तुझ्यात चिकाटीच नाही. लोक एवढ्या हौसेने नाव घालतात आणि मग सोडून का देतात?

चिकाटीचं आधी बोलू. जो माणूस रोज सकाळची लोकल पकडतो, दादरला गाडी बदलतो आणि मार्चअखेरीला रात्री उशिरापर्यंत बसून ताळेबंद जुळवतो, त्याच्यात चिकाटी नाही हे मला मान्य नाही. नोकरी करणाऱ्यांसाठी ऑनलाइन बॅचेस चालवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. कोर्स पूर्ण होण्या-न होण्याचा माणसाच्या स्वभावाशी संबंध आहे, पण आपण समजतो त्यापेक्षा फारच कमी. ठरलेल्या दिवशी त्याच्या कामाची कुणी वाट पाहत आहे का, यावर बरंच काही ठरतं. ऑनलाइन कोर्समध्ये बहुतेक वेळा कुणीच वाट पाहत नसतं.

तुमच्यासारखे किती आहेत ते बघा. 2011 मध्ये स्टॅनफर्डच्या सबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग सगळ्या जगाला फुकट खुला केला. सुमारे 1 लाख 60 हजार लोकांनी नावं घातली, शेवटपर्यंत पोचले ते 23 हजारांच्या आसपास. पुढच्या वर्षी एमआयटीने इलेक्ट्रॉनिक सर्किट्सचा कोर्स आणला. त्यात नोंदणी साधारण 1 लाख 55 हजारांची होती आणि प्रमाणपत्रं मिळाली सात हजारांहून थोड्या अधिक जणांना. एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या 2012 ते 2018 या काळातल्या कोर्सेसचा हिशोब जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलियेंते यांनी 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. 2017-18 या वर्षी कोर्स पुरा करणारे जेमतेम तीन टक्के निघाले. त्याच लेखातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नाव घातलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी नंतर कोर्स एकदाही उघडला नव्हता.

म्हणजे ज्यांना आपण 'सोडून गेले' म्हणतो त्यातले निम्मे आत आलेच नव्हते. नाव घातलं तिथेच त्यांचं काम झालं होतं. कसलं काम, ते मुंबईत बसून सहज दिसतं. एप्रिलमध्ये अप्रेझलचं पत्र येतं आणि वाढ मनासारखी नसते. शेजारच्या टेबलावरचा मुलगा दुसरीकडे दुप्पट पगारावर जातो. कुठल्याशा कंपनीने माणसं कमी केल्याची बातमी येते, एआय आता अकाउंट्सवाल्यांच्या पोटावर पाय देणार असं कुणीतरी डब्यात छातीठोकपणे सांगतं. रात्री अकरा वाजता फोनवर जाहिरात दिसते, 'आज रात्री बारापर्यंत सूट'. पैसे भरले की छातीवरचं दडपण उतरतं. आपण काहीतरी केलं, असं वाटून झोप लागते. ही भावना खोटी नाही, त्या माणसाला त्या रात्री तिची खरोखर गरज असते. पण दडपण उतरलं की सकाळी कोर्स उघडायला भाग पाडणारं काही उरत नाही. सूट विकणाऱ्यांना हे नीट ठाऊक असतं. फोन करून करून, भविष्याची भीती घालून, हप्त्यांवर कोर्स गळ्यात मारण्याचे जे प्रकार चालतात त्याची मला मनापासून चीड येते, कारण त्यात फसणारी माणसं बहुधा तीच असतात ज्यांना तो खर्च सगळ्यात जास्त जड जातो.

सगळेच भीतीपोटी येतात असं मात्र नाही. निवृत्तीनंतर मोडी लिपी शिकणारे पार्ल्याचे आजोबा, संस्कृतच्या वर्गाला रोज हजर असणाऱ्या ठाण्याच्या काकू, हे शिकण्याच्या आनंदासाठी येतात आणि वर्ग लाइव्ह असला, चार ओळखीचे चेहरे असले, तर हमखास टिकतात. कॉलेजची मुलं क्रेडिटसाठी येतात. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2016 मध्ये 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या कोर्सेसमधून 20 टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायला परवानगी दिली आणि 2021 मध्ये ती मर्यादा 40 टक्क्यांवर नेली. या मुलांपैकी कित्येकांना विषयाची गोडी नसते, तरी ती कोर्स संपवतात, कारण गुणपत्रिकेत त्याची जागा आहे. मुलं शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या आयाही बऱ्याच असतात. माझ्या पाहण्यात सगळ्यात गांभीर्याने शिकणारा गट हाच, आणि ज्यांना सलग तासभर कुणीच मोकळा देत नाही अशी माणसंही याच.

आणखी एक गट आहे, ज्याच्यावर उगाच गळतीचा शिक्का बसतो. स्टॅनफर्डच्या रेने किझिलसेक आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये शिकणाऱ्यांचे वागण्यावरून चार गट पाडले होते. काही जण सगळं पूर्ण करतात. काही नुसते व्हिडिओ बघतात, परीक्षेच्या वाटेला जात नाहीत. काही सुरुवात करून हळूहळू थांबतात, आणि काही फक्त चव घेऊन जातात. सोमवारी साहेबांना रिपोर्ट द्यायचा म्हणून रविवारी एक्सेलमधल्या पिव्होट टेबलचा, म्हणजे लांबलचक यादीचा गोषवारा काढण्याचा, एवढाच धडा बघून गेलेला माणूस माझ्या लेखी पास झाला. राइश यांनीच 2014 मध्ये हार्वर्डच्या नऊ कोर्सेसमध्ये लोकांना सुरुवातीलाच विचारलं होतं, तुमचा इरादा काय? 'पूर्ण करायचंय' म्हणणाऱ्यांपैकी 22 टक्क्यांनी प्रमाणपत्र मिळवलं, 'नुसतं बघायला आलो' म्हणणाऱ्यांपैकी 6 टक्क्यांनी. इरादा असला की फरक पडतो हे खरं. पण मनापासून पूर्ण करायचं ठरवूनही पाचांतले जवळजवळ चार जण वाटेत थांबले, हेही तितकंच खरं. तुमचा प्रश्न त्या चार जणांचा आहे.

ते थांबतात कुठे? व्हिडिओवर सहसा नाही. व्हिडिओ लांबले की लक्ष उडतं हे उघड आहे. फिलिप ग्वो यांनी 2014 मध्ये लाखो वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंची नोंद तपासली, तेव्हा लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकून बघतात असं दिसलं. पण व्हिडिओ बघणं सोपंच असतं. शिकवणाऱ्याने केलेलं सगळं आपल्याला जमेल असं वाटत राहतं. खरी अडचण पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काही करायची वेळ येते तेव्हा सुरू होते.

एक्सेलचंच घ्या, तुमचं क्षेत्र आहे. बेरजा, फिल्टर, इफ फॉर्म्युला इथपर्यंत सगळे मजेत असतात. मग व्हीलूकअप येतो, एका यादीतली नोंद दुसऱ्या यादीत शोधून तिच्यापुढची माहिती आणणारा फॉर्म्युला. व्हिडिओत बाईंनी केलं तसंच्या तसं करूनही तुमच्या शीटवर उत्तराच्या जागी 'एन/ए', म्हणजे 'सापडलं नाही', येतं. स्पेलिंग बघता, कंस बघता, पुन्हा व्हिडिओ बघता, तरी तेच. रात्रीचे साडेअकरा होतात आणि सकाळची गाडी डोळ्यांपुढे येते. नव्वद टक्के वेळा कारण क्षुल्लक असतं: एका यादीतले इनव्हॉइस नंबर आकडे म्हणून साठवलेत आणि दुसऱ्या यादीतले मजकूर म्हणून, किंवा पार्टीच्या नावानंतर एक अदृश्य स्पेस राहिली आहे. शेजारी जाणकार बसला असता तर दोन मिनिटांत सुटलं असतं. एकट्या माणसाला मात्र त्या रात्री 'हे आपल्या डोक्याबाहेरचं आहे' असं वाटतं आणि तो लॅपटॉप मिटतो. उद्या बघू म्हणतो. माझ्या बॅचेसमध्ये पहिली असाइनमेंट ज्याच्याकडून येत नाही तो क्वचितच शेवटपर्यंत दिसतो. म्हणून पहिल्या असाइनमेंटच्या रात्री मी स्वतः चॅटवर बसते आणि जे गप्प आहेत त्यांना आपणहून फोन करते. या एका रात्रीच्या कामाने जेवढे लोक टिकतात तेवढे नंतरच्या कुठल्याही भाषणाने टिकत नाहीत.

पायथनमध्ये तर ही वेळ आणखी आधी येते, बऱ्याचदा पहिल्याच दिवशी. घरी लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर काही इन्स्टॉल करायला आयटीची परवानगी लागते आणि कोर्समध्ये मात्र 'हे डाउनलोड करा' इथूनच सुरुवात. बरीच माणसं पायथनची एक ओळही न लिहिता पायथन सोडतात. गूगल कोलॅब ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कुणी सांगितलं तर ती वाचतात. तुमचं पायथन इथेच अडलं असावं, असा माझा अंदाज आहे.

भाषेची अडचण याच ठिकाणी बोचते. मराठी माध्यमातून आलेला माणूस इंग्रजी व्हिडिओ समजून घेतो, पण अडला की इंग्रजीत प्रश्न विचारायला संकोचतो. चूक होईल, लोक हसतील, असं वाटतं. त्यामुळे प्रश्न विचारलाच जात नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने छोटे धडे मराठीतही ऐकवले, आणि त्यांची पद्धतही चांगली आहे: एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडं, थांबवत थांबवत स्वतः करत जायचं. हे फुकट आहे आणि आपल्याच गावचं आहे, तरी किती कमी लोकांना माहीत असतं! पवईबाहेर सगळीकडे ते सांगितलं गेलं पाहिजे असं मला वाटतं.

आता वेळ आणि जागा. या दोन्हींचा या शहरात फार मोठा वाटा आहे, आणि कोर्स बनवणाऱ्यांच्या ध्यानात तो येत नाही. 'दिवसाला फक्त अर्धा तास' असं जाहिरातीत असतं. तुमच्यासारख्याचे तीनेक तास गाडीतच जातात, तेव्हा वाटतं, हा वेळ आहेच की. पण एका हाताने दांडी धरून उभं असताना ऐकता येतं, करता येत नाही. वाटेत नेटवर्क गेलं की धागाही तुटतो. त्यामुळे गाडीत व्हिडिओ पुढे पुढे सरकतात, सराव मागे मागे राहतो आणि मग एके दिवशी नवा धडा समजेनासा होतो. घरी पोचल्यावर एका खोलीत टीव्ही, मुलीचा अभ्यास आणि आईची औषधं, आणि त्याच खोलीत तुमचा व्हीलूकअप. गिरणगावातले कामगार पाळी संपवून रात्रशाळेत जायचे, तेव्हा निदान त्यांना बसायला एक बाक होतं आणि हजेरी घेणारे मास्तर होते.

शिवाय तुमच्या कामाचं एक पंचांग आहे. महिन्याच्या 20 तारखेला जीएसटीचं रिटर्न, सप्टेंबरात टॅक्स ऑडिट, मार्चमध्ये वर्षअखेर, मध्ये गणपती आणि गावी जाणं. 'तुमच्या सोयीने शिका' म्हणणाऱ्या कोर्सला यातलं काही माहीत नसतं. एक आठवडा चुकतो. पुढच्या आठवड्यात दोन आठवड्यांचं साचलेलं असतं आणि मागचं निम्मं विसरलेलं. मग कोर्सकडून आलेली मेल उघडायलाच नको वाटतं, कारण ती उघडली की आपण किती मागे आहोत ते दिसतं. माणूस कोर्स सोडायचं असं कधी ठरवतच नाही, तो नुसता टाळत राहतो. मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की चुकलेला आठवडा हा कोर्सचाच भाग धरून चालते. दर चार आठवड्यांनी एक आठवडा मोकळा ठेवते, नवं काही शिकवत नाही, आणि मागे पडलेल्यांना सांगते की बाकीचं राहू द्या, एवढे तीनच धडे करून आत या.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे वेळापत्रक लिहा. त्याने थोडं साधतं, थोडंच. किझिलसेक आणि इतरांनी 2020 मध्ये अडीच लाख शिकणाऱ्यांवर असे उपाय तपासले. कधी आणि कुठे अभ्यास करणार हे आधी लिहून घेतल्याने पहिले काही आठवडे हजेरी सुधारली, पण कोर्स पूर्ण होण्यापर्यंत तो परिणाम टिकला नाही. आपण आपल्यालाच दिलेला शब्द पहिल्या ऑडिटमध्ये मोडतो आणि तो मोडल्याचं दुसऱ्या कुणाला कळतही नाही.

एमएस-सीआयटी आठवा. 2001 मध्ये सुरू झालेल्या या कोर्सने गावागावांत माणसांना माऊस धरायला शिकवलं. संगणकाच्या स्क्रीनवरच शिकायचं होतं, पण घराजवळचं सेंटर होतं, ठरलेली बॅच होती, आपल्या नावचं मशीन होतं, दोन दिवस दांडी मारली तर 'आला नाहीत?' विचारणारे सर होते आणि शेवटी परीक्षेची तारीख होती. सरकारी नोकरीत प्रमाणपत्र लागायचं, हेही खरंच. वयाची पन्नाशी गाठलेल्या शिक्षकांनी आणि कारकुनांनी ते पूर्ण केलं. त्या लोकांत आणि तुमच्यात जिद्दीचा काही फरक नव्हता.

एनपीटीईएलचीही घडण अशीच विचारपूर्वक केलेली आहे. आयआयटी आणि आयआयएस्सीचे हे कोर्स 4, 8 किंवा 12 आठवड्यांचे असतात. नाव घालणं आणि शिकणं फुकट, पण दर आठवड्याची असाइनमेंट ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावी लागते, आणि प्रमाणपत्र हवं असेल तर वेगळं शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. गुणांत असाइनमेंटचा वाटा 25 टक्के, परीक्षेचा 75. रविवारी सकाळी परीक्षा केंद्राच्या दारात उभं राहायचंय हे माहीत असलं की बारा आठवड्यांना आकार येतो.

पैसे भरले की माणूस पूर्ण करतो का, हे मला फार जण विचारतात. एमआयटी-हार्वर्डच्या त्याच हिशोबात, प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांपैकी 46 टक्क्यांनी 2017-18 मध्ये कोर्स पुरा केला. तीन टक्क्यांच्या मानाने हा आकडा प्रचंड वाटतो. पण पैसे भरणारे बहुधा आधीच पक्कं ठरवलेले असतात, आणि भरूनही निम्म्याहून जास्त थांबलेच. तेव्हा महाग कोर्स घेतला म्हणजे आपोआप पूर्ण होईल, या भरवशावर कर्ज काढू नका. 2021 च्या डिसेंबरात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने एड-टेक कंपन्यांबाबत सावध राहण्याची सूचना काढली होती, त्यात खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी देणं टाळा असं स्पष्ट म्हटलं होतं. सही करण्याआधी परताव्याची अट लेखी मागा. फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका.

आता तुमचे चार कोर्स. डिजिटल मार्केटिंग सोडून द्या, ते कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेलं दिसतं. तसं घरात मोठ्याने सांगून टाका, म्हणजे त्याची टोचणी संपेल. पायथन एक्सेलनंतर. एक्सेल मात्र याच महिन्यात हाती घ्या, पण पहिल्या धड्यापासून नको. जिथे अडलात तो धडा उघडा आणि कोर्समधली सरावाची फाईल बाजूला ठेवून तुमच्याच ऑफिसातला एखादा त्रासदायक रिपोर्ट घ्या, ज्यावर दर महिन्याला तुमचे दोन तास जातात. बँक रिकन्सिलिएशन किंवा येणे बाकीची यादी चालेल. साहेबांना सांगा की पुढच्या महिन्यात हा रिपोर्ट मी नव्या पद्धतीने देतो. ही झाली तारीख, आणि ही झाली वाट पाहणारी व्यक्ती. 20 तारखेच्या आधीचा आठवडा मोकळा सोडा.

बसायला जागा शोधा. बदलापूर-अंबरनाथकडे अभ्यासिका आहेत, स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे रात्री बसतात, महिन्याची फी फारशी नसते. नाहीतर ऑफिसातच आठवड्यातले दोन दिवस तासभर उशिरा निघा, गर्दीही थोडी ओसरलेली असते. गाडीत हवं तर व्हिडिओ ऐका, पण तो वेळ अभ्यासात मोजू नका. मोजायचं ते फक्त हाताने केलेलं. आणि ऑफिसातला एक जाणकार हेरून ठेवा, ज्याला एन/ए आल्यावर अर्ध्या तासात फोटो पाठवता येईल. अर्धा तास स्वतः झगडायचं, मग विचारायचं, याहून जास्त वेळ एकट्याने घालवायचा नाही.

इंग्रजी संभाषणाचा कोर्स रेकॉर्ड केलेला असेल तर तो पूर्ण करण्याच्या फंदात पडू नका. बोलायला समोर माणूस लागतं. तुमच्या डब्यात रोजचे ग्रुप असतातच, त्यात आणखी एखाद्यालाही हीच अडचण असणार, नक्की असणार. त्याला विचारा. परतीच्या गाडीत कल्याण सुटलं की बदलापूरपर्यंत फक्त इंग्रजीतून बोलायचं, चुकलं तरी थांबायचं नाही. कोर्समधला एकेक धडा त्या बोलण्यासाठी विषय म्हणून वापरा, तेवढ्यापुरते ते पैसे वसूल होतील.

आणि चारांपैकी एखाद्याचा हप्ता अजून चालू असेल, तर हे सगळं करण्याआधी करार काढून वाचा. रद्द करण्याची मुदत आणि परताव्याची अट काय लिहिली आहे ते बघा, कंपनीला ईमेलने लेखी कळवा आणि त्याची प्रत बँकेला द्या. करार न वाचता नुसता ऑटो-डेबिट बंद केला तर कर्ज तुमच्या नावावर तसंच राहतं आणि सिबिल स्कोअर खराब होतो. ते व्यवहार आधी निस्तरा, एक्सेल त्यानंतरच्या शनिवारपासून.